तिकिटांच्या पैशातून शिष्यवृत्ती उभी राहते का?

संगीत, नृत्य आणि नाट्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देता यावी म्हणून विद्यापीठात मैफलींची मालिका कशी चालवावी, याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या अंकात दिली आहेत. आकडेमोड उदाहरणादाखल आहे. आपापल्या गावचे दर घालून ती पुन्हा मांडून पाहावी.

प्रश्न : आमच्या संगीत विभागाकडे ४०० खुर्च्यांचे सभागृह आहे. वर्षाला चार मैफली करून तिकीटविक्रीतून तीन विद्यार्थ्यांचे शुल्क भरावे, असा विचार आहे. जमेल का? (शिक्षिका, सोलापूर)

नुसत्या तिकिटांवर जमणार नाही. एका मैफलीचा हिशेब मांडून बघा. ४०० पैकी २६० खुर्च्या भरल्या तरी पहिल्या वर्षी ते चांगलेच म्हणायचे. त्यात १८० जणांनी ३०० रुपयांचे आणि ८० विद्यार्थ्यांनी १०० रुपयांचे तिकीट घेतले, तर जमा झाले ६२,००० रुपये. आता खर्च : ध्वनिव्यवस्था १८,०००, दोन साथीदारांचे मानधन २०,०००, कलाकारांचा प्रवास आणि मुक्काम १५,०००, वीज, सफाई, सुरक्षारक्षक मिळून ८,०००, छपाई ६,०००, चहा-जेवण ४,०००. बेरीज ७१,०००. सभागृह स्वतःचे, मुख्य कलाकाराने मानधन घेतलेले नाही, आणि तरीही ९,००० रुपयांची तूट आहे.

म्हणून खर्चासाठी प्रायोजक आणि शिष्यवृत्तीसाठी देणगीदार, अशी पहिल्या दिवसापासून विभागणी करा. दोन्हींची खाती वेगळी ठेवा. मैफलीचा सगळा खर्च तिकिटे आणि प्रायोजक मिळून भागवतील आणि देणगीचा प्रत्येक रुपया शिष्यवृत्ती निधीत जाईल, असे लेखी ठरवा आणि कार्यक्रमपत्रिकेवर छापा. दिलेल्या पाच हजारांतून मांडववाल्याचे बिल गेले, असे एकदा देणगीदाराला कळले की तो पुन्हा फिरकत नाही. मैफलीचे खरे काम पैसे कमावण्यापेक्षा देणगीदार जोडण्याचे आहे. जो माणूस वर्षातून चार वेळा तुमच्या विद्यार्थ्यांचे गाणे ऐकतो, त्याच्यापुढे शब्द टाकायला संकोच वाटत नाही.

जमलेला पैसा त्याच वर्षी वाटू नका. निधी मुदतठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून शिष्यवृत्ती द्या. दहा लाखांच्या ठेवीवर ७ टक्के दराने वर्षाला ७०,००० रुपये येतात. त्यातले ५०,००० वाटा आणि २०,००० मुद्दलात परत घाला. नाहीतर शुल्क वाढत जाते, शिष्यवृत्ती तेवढीच राहते आणि दहा वर्षांनी ती नावापुरती उरते. दहा लाख जमेपर्यंत थांबायचे नसेल, तर एवढे तरी पाळा : या वर्षीच्या मैफलींतून पुढच्या जुलैपासूनची शिष्यवृत्ती. बँकेत नसलेला पैसा कोणत्याही विद्यार्थ्याला कबूल करू नका.

याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाश्रयावर चालले नाही, लोकांच्या देणग्या आणि पंडितजींच्या जाहीर मैफलींचे उत्पन्न यांवर चालले. १९०८ साली ते मुंबईत आले, तिथे कामाचा व्याप वाढला, इमारतीसाठी कर्ज झाले आणि अखेर ती इमारत कर्जापायी गेली. त्यांच्या गाण्यात काही कमी नव्हते, की शिष्यांच्या निष्ठेत. मैफलीचे उत्पन्न कधी येते, कधी येत नाही. कर्जाचा हप्ता आणि विद्यार्थ्याचे शुल्क मात्र ठरल्या दिवशी द्यावेच लागते.

प्रश्न : तिकिटावर ‘देणगी प्रवेशिका’ असे छापले, तर घेणाऱ्याला करसवलत मिळते ना? आणि दर किती ठेवावा? (माजी विद्यार्थी संघाचे कार्यकर्ते, नाशिक)

नाही मिळत. पैशाच्या बदल्यात खुर्ची मिळाली की तो व्यवहार झाला, वर काहीही छापा. ८०जीची (देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या कलमाची) पावती हवी असेल, तर तिकिटाव्यतिरिक्त दिलेल्या रकमेचीच द्या, आणि तीही तुमच्या संस्थेला तशी मान्यता असेल तरच. २,००० रुपयांच्या वर रोख देणगी घेऊ नका, त्यावर वजावट मिळत नाही. देणगीदाराने नवी करपद्धती निवडली असेल, तर त्याला या वजावटीचा उपयोग नाही, हेही आधीच सांगून टाका. मार्चमध्ये फोन येण्यापेक्षा ते बरे. पॅन क्रमांक पावती फाडतानाच घ्या. नंतर शंभर जणांच्या मागे लागावे लागते.

दराबाबत एक आकडा पक्का लक्षात ठेवा : संगीत, नृत्य, नाटकाच्या तिकिटावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. त्याच्या वर गेलात की संपूर्ण रकमेवर १८ टक्के. म्हणजे नोंदणीकृत आयोजकाने ५५० रुपयांचे तिकीट लावले, तर कर जाऊन हाती सुमारे ४६६ रुपये पडतात. ५९० ला जाऊन कुठे पुन्हा ५०० होतात. ५०० आणि ५९० यांच्या मधला दर लावण्यात काहीच अर्थ नाही. आमचे मत विचाराल तर ३०० आणि विद्यार्थ्यांना १०० हा दर योग्य. ज्याला जास्त द्यायचे आहे, त्याने ते देणगी म्हणून द्यावे.

प्रायोजकाचा फलक लावताना जपा. ‘अमुक यांच्या सहकार्याने’ एवढीच कृतज्ञतेची पाटी असेल आणि त्यात धंद्याची जाहिरात नसेल, तर ती देणगी मानली जाते. दुकानाचा पत्ता, बोधचिन्ह आणि ‘आजच भेट द्या’ आले की ती जाहिरातीची सेवा ठरते आणि तिच्यावर कर लागतो. विद्यापीठाच्या वित्त विभागाला मजकूर छापण्याआधी दाखवा. तुमचा संघ नोंदणीकृत न्यास नसेल, तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांची कलम ४१क खालची परवानगी लागते. त्यापेक्षा पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यात घेणे सोपे.

प्रश्न : मोठे कलाकार शिष्यवृत्तीसाठी मानधन न घेता गायला तयार होतात. मग साथीदारांनाही तसेच विचारावे का?

विचारू नये. मुख्य कलाकाराने मानधन सोडणे ही त्यांची देणगी. तबलजी, हार्मोनियमवाले, तानपुऱ्यावर बसणारे विद्यार्थी यांचा चरितार्थ त्या त्या मैफलीवर असतो, आणि मुख्य कलाकाराच्या उपस्थितीत ‘नाही’ म्हणण्याची त्यांना सोय नसते. नेहमीचे मानधन द्या, त्याच रात्री द्या, उद्गम कर (टीडीएस) कापला असेल तर तो आकडा आधी सांगा. एखाद्या साथीदाराने स्वतःहून पाकीट परत केले, तर घेऊन देणगीची पावती करा, म्हणजे हिशेबात दोन्ही बाजू दिसतात.

मुख्य कलाकाराचाही प्रवास, मुक्काम आणि पथ्याचे जेवण यात काटकसर नको. फुकट गाणाऱ्याला आपण दुय्यम वागणूक देतो, असे चुकूनही वाटता कामा नये.

प्रश्न : आधी आमचा विद्यार्थी गातो, मग पाहुण्या गायिका. मध्ये अर्धा-पाऊण तास जातो आणि लोक उठून जातात. काय चुकते? (संगीत विभागप्रमुख, कोल्हापूर)

बहुतेक वेळा चुकते ते तानपुऱ्यांपाशी. तुमचा विद्यार्थी काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) गात असेल आणि पाहुण्या बाई काळी चारमध्ये, तर त्याच तानपुऱ्यांच्या तारा तेवढ्या चढवता येत नाहीत. चढवायला गेलात तर तार तुटते. उलट बाजूने उतरवायला गेलात तर तार सैल पडते आणि जवारी (तारेखालच्या घोडीवरून येणारी गुंजणारी आस) बोलत नाही. दोन स्वरांसाठी दोन वेगळ्या जोड्या हव्यात, पुरुषी तानपुऱ्याची एक आणि बायकी तानपुऱ्याची एक. विभागात नसतील तर एक जोडी भाड्याने किंवा माजी विद्यार्थ्याकडून आणा. तबल्याचेही तसेच. दुसऱ्या स्वराचा तबला आधीच लावून तयार असावा. रंगमंचावर बसून हातोडीने गट्टे ठोकत बसण्याची वेळ येऊ नये.

दुसरे कारण वातानुकूलन. बाहेर दमट हवा आणि आत थंड, कोरडी हवा. अशा वेळी ग्रीनरूममध्ये लावलेले वाद्य रंगमंचावर नेले की दहा मिनिटांत उतरते किंवा चढते. तबल्याची पुडी (वरचे कातडे) आणि तानपुऱ्याचा भोपळा दोन्ही हवेला लगेच प्रतिसाद देतात. म्हणून वातानुकूलन मैफलीच्या दोन तास आधी सुरू करा आणि वाद्ये त्याच हवेत, रंगमंचाच्या बाजूला, झोताखाली न येतील अशी ठेवून तिथेच लावा. प्रेक्षक भरल्यावर हवा पुन्हा बदलते. तेवढे किरकोळ मिळवणे राहतेच, पण ते तीन-चार मिनिटांचे काम.

तिसरे कारण ध्वनिचाचणीचा क्रम. आधी गाणाऱ्याची चाचणी आधी, असे सगळे करतात. उलटे करा. मैफल सहाला असेल, तर साडेतीनला पाहुण्या कलाकारांची चाचणी घ्या, मिक्सरवरच्या जागा लिहून ठेवा किंवा डिजिटल मिक्सर असेल तर साठवून ठेवा. पावणेपाचला विद्यार्थ्याची घ्या. पडदा उघडतो तेव्हा विद्यार्थ्याची मांडणी जशीच्या तशी तयार असते आणि मध्यंतरात फक्त लिहिलेल्या जागांवर परत जायचे असते. माइकच्या स्टँडचे पाय, तबला आणि हार्मोनियम यांच्या जागांवर चादरीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, दोघांसाठी दोन रंगांच्या.

तानपुऱ्याचा माइक हा शिट्टी वाजण्याचा नेहमीचा उगम आहे. गायकाला तानपुरा ऐकू येत नाही म्हणून त्याच्या समोरच्या मॉनिटरमध्ये (कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) आवाज वाढवतात, तो आवाज पुन्हा तानपुऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि घुमायला लागतो. माइक भोपळ्याच्या जवळ, मॉनिटरकडे पाठ करून लावा आणि तानपुरेवाल्यांना गायकाच्या थोडे मागे पण जवळ बसवा. प्रेक्षकांकडे जाणारा तानपुरा कमीच ठेवा.

आणि भाषणे. शाल, श्रीफळ, कुलगुरूंचे मनोगत, प्रायोजकांचे दोन शब्द, आभार. यातच चाळीस मिनिटे जातात. सगळे मिळून सात मिनिटे द्या, तीही पहिल्या गाण्यानंतर. विद्यार्थ्याला पंचवीस मिनिटे : एक विलंबित आणि द्रुत ख्याल, फार तर एक छोटी रचना. मध्यंतराच्या लगेच आधी एकाच माणसाने दोन मिनिटे आवाहन करावे आणि त्यात नेमका आकडा सांगावा, एका विद्यार्थ्याचे एका सत्राचे शुल्क इतके आणि भोजनखर्च इतका. ‘सढळ हाताने मदत करा’ या वाक्याने कुणाचाही हात खिशाकडे जात नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचे. दाराशी टेबल, दोन माणसे, पावतीपुस्तक आणि क्यूआर कोड. टेबल चहाच्या वाटेवर असावे. सभागृहाच्या टोकाला मांडलेल्या टेबलापर्यंत कुणी जात नाही.

फुकट पासांबद्दलही एक शब्द. पुढच्या तीन रांगा मान्यवरांसाठी राखल्या जातात आणि रिकाम्या राहतात. पैसे देऊन मागे बसलेल्या माणसाला ते दिसते, आणि गाणाऱ्यालाही. पास एकूण खुर्च्यांच्या पाच टक्क्यांपुढे नकोत. सुरुवातीच्या दहा मिनिटे आधी राखीव खुर्च्या सर्वांना खुल्या होतील, असे पासावरच छापा आणि पाळा.

प्रश्न : मालिका कोणत्या वेळी ठेवावी?

रविवारी सकाळी, नऊ ते साडेअकरा. तोडी, ललत, आसावरीसारखे सकाळचे राग संध्याकाळच्या मैफलींत ऐकायलाच मिळत नाहीत, त्यामुळे जाणते श्रोते मुद्दाम येतात. वयस्कर श्रोत्यांना रात्रीच्या परतीची काळजी नसते. खुल्या रंगमंचावर करणार असाल, तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि शैक्षणिक परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल, तर दिवसाही अडचण येते. बंद सभागृहात हा प्रश्न नाही. परीक्षांचे दिवस आणि दिवाळी पहाटेचा आठवडा टाळा.

प्रश्न : आमचे विद्यार्थी नाट्यसंगीत आणि भावगीतांचा कार्यक्रम करणार आहेत. विद्यापीठाचा कार्यक्रम म्हणून परवाना लागत नाही, असे ऐकले. खरे आहे का? (प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

अर्धे खरे आहे. प्रताधिकार कायद्यात शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमाला सवलत आहे, पण सादर करणारे विद्यार्थी किंवा कर्मचारी असावेत आणि श्रोते विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी थेट संबंधित माणसे एवढेच असावेत, अशी अट आहे. तिकीट लावून गावाला बोलावलेत की ती सवलत गेली. पैसा शिष्यवृत्तीला जाणार आहे, या कारणाने ती परत मिळत नाही.

मग रचना कुणाची आहे ते पाहायचे. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यांच्या पदांना अडसर नाही. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यांच्या चाली २०१६ पासून मुक्त आहेत. जितेंद्र अभिषेकींचे निधन १९९८ चे, म्हणजे त्यांच्या चालींवर २०५८ च्या अखेरीपर्यंत हक्क आहे. चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे असतात, दोन्ही तपासा. पारंपरिक बंदिशींना प्रश्न येत नाही. नृत्यविभाग ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणार असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाचा आणखी एक हक्क मध्ये येतो, म्हणून शक्य तिथे प्रत्यक्ष साथ घ्या. नाटकाचा प्रयोग असेल, तर लेखकाची लेखी परवानगी, प्रयोगाचे मानधन आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे सहा आठवडे आधी हाती घ्या.

चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकायचे असेल, तर मुख्य कलाकाराबरोबर प्रत्येक साथीदाराची सही घ्या. थेट प्रक्षेपण टाळावे. घरबसल्या मिळाले की गावातला श्रोता येत नाही.

प्रश्न : मालिकेतल्या सगळ्या मैफली विद्यार्थ्यांनीच केल्या, तर खर्च वाचेल. हरकत आहे का?

आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला फिस्क विद्यापीठ आहे, १८६६ साली गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी सुरू झालेले. ते बंद पडायच्या बेतात असताना ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांचा गायकचमू कोषाध्यक्ष जॉर्ज व्हाइट यांच्याबरोबर दौऱ्यावर निघाला. सुरुवातीला भाडेखर्चही निघत नव्हता. पुढे अमेरिका आणि युरोपभर गाऊन त्यांनी एवढा पैसा उभा केला की विद्यापीठ तगले आणि ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. ती कामगिरी मोठीच आहे. पण वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांनी त्या मुलांच्या प्रकृती आणि आवाज यांवर फार ताण पडला. शिकायला आलेली मुले संस्थेसाठी कमावण्यात गुंतली.

तुमच्याकडे तसा बिकट प्रसंग नाही. एका विद्यार्थ्याला वर्षात या मालिकेची एकच मैफल द्या आणि परीक्षेआधीच्या सहा आठवड्यांत एकही नको. शिष्यवृत्ती मिळालेल्यांनाच सक्तीने गायला लावणे तर अजिबात नको. आणि कुणालाही ‘गरजू विद्यार्थी’ म्हणून रंगमंचावर उभे करू नका. नाव, गुरू, राग आणि ताल एवढी ओळख पुरे. शिष्यवृत्तीधारकांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापायची असतील, तर त्यांची संमती घ्या आणि घरची परिस्थिती लिहू नका.

प्रश्न : आमचे काही माजी विद्यार्थी न्यू जर्सीत आहेत, त्यांना देणगी पाठवायची आहे. (माजी विद्यार्थी संघ, पुणे)

पासपोर्ट कोणता आहे, ते आधी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या उत्पन्नातून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी विदेशी ठरते, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरी. ती घ्यायची तर तुमच्या संघाला विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी हवी आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसताना चुकून रक्कम जमा झाली तरी गुंता होतो, म्हणून संकेतस्थळावरचा क्यूआर कोड परदेशी फिरवू नका. विद्यापीठाची स्थिती वेगळी असू शकते, कुलसचिव कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.

प्रश्न : निवड कशी करावी आणि रक्कम कधी द्यावी?

निवड समितीत तिघे असावेत, त्यातले दोघे विभागाबाहेरचे. ज्याचा शिष्य अर्जदार आहे, तो गुरू समितीत नको. गुण आणि गरज वेगवेगळ्या पायऱ्यांवर तपासा. आधी पंधरा मिनिटांचे सादरीकरण, अर्जदाराची आर्थिक माहिती समितीपुढे न ठेवता. त्यातून पात्र ठरलेल्यांमध्ये मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बघून क्रम लावा. दोन्ही एकदम पाहिले की गाण्याला दिलेले गुण परिस्थितीकडे बघून वर-खाली होतात.

शुल्काबरोबर आणखी तीन खर्च धरा : खोली आणि भोजन, वाद्य आणि त्याची दुरुस्ती, रियाजाला साथीदार. कथकच्या विद्यार्थ्याला घुंगरू आणि पोशाख. निम्मे विद्यार्थी अडतात ते याच खर्चापाशी, शुल्क माफ होऊनही.

पहिला हप्ता जुलैत, प्रवेशाबरोबर, थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. पुढचे महिन्याला. फेब्रुवारीतल्या समारंभात मोठा धनादेश हाती देण्याची पद्धत सोडा, तोवर खोलीचे भाडे थकून मुलगा गावी परतलेला असतो. अर्जदाराला दुसरी शिष्यवृत्ती असेल, तर त्या योजनेत दुहेरी लाभाला मनाई आहे का ते पाहा. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तुमच्या चांगल्या विद्यार्थ्यांना तिचा अर्ज भरायला विभागानेच बसवा, फॉर्मसोबत लागणारी गुरूंची शिफारस आणि प्रमाणपत्रे एकत्र करून द्या. तिथे एक जण लागला की तुमच्या निधीतली एक जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते.